नाव वाढणारीचं

रविवारी सकाळी वणीहून पुतण्या संघर्षची गाडी आली, यवतमाळहून एसटीनं नात वैष्णवी आली, आणि बिजलीबाईला वाटलं, आज आपलं नाव घराबाहेर पडणार. जावेचं नाव चाळीस वर्षं गावोगाव हिंडून आलं होतं. तिचं मात्र उंबऱ्याच्या आतच म्हातारं झालं होतं.

निमित्त रवीनं काढलं होतं. बिजलीबाईच्या या एकुलत्या एका लेकानं घरामागं टिनाचं शेड टाकलं, बायकोच्या बचत गटातल्या बाया गोळा केल्या, आणि घरचं तोंडी लावणं वाळवून पाकिटात भरून विकायचं ठरवलं. यवतमाळच्या प्रदर्शनात जागा मिळाली होती. पाकिटावर काय नाव छापायचं ते सोमवारी छापखान्यात सांगायचं होतं. "माय, तुह्यंच नाव टाकू," असं तो आठवड्यापूर्वी जेवता जेवता म्हणाला होता. तोंडात घास असताना पोरगं बोललं ते बोललं, पण बिजलीबाईनं ते काळ्या दगडावरची रेघ धरलं. शेजारच्या दोन-तीन घरी जाऊन, दुसरंच काही काम काढून, सांगूनही आली.

आता ते तोंडी लावणं काय, हे राळेगाव तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. हिवाळ्यात तूर भरली की ओले दाणे तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे, आणि अंबाडीच्या बोंडांच्या लाल पाकळ्या, हिरवी मिरची, लसूण नि भाजलेला जवस घालून पाट्यावर जाडसर रगडायचं. भाकरीवर घेतलं की दुसरी भाजी लागत नाही. बाजाराच्या दिवशी खानावळीच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं असतं: भाकर, वांगं, पंचफुला.

पंचफुला हे बिजलीबाईच्या थोरल्या जावेचं नाव. सत्तरीतही जिचे सगळे दात जागेवर आहेत, जिचा नवरा अजून खुर्चीत बसून घर हाकतो, ती पंचफुला. आणि ते तोंडी लावणं पहिल्यांदा रगडलं, चाखलं, जवस घालून सुधारलं ते बिजलीबाईनं. माहेराहून तिनं काही आणलं असेल तर तेवढंच.

मग नाव जावेचं कसं पडलं? बाबारावांनी, म्हणजे पंचफुलाच्या नवऱ्यानं, एका साली मोठं वावर मक्त्यानं केलं होतं. कापूस इतका फुटला की गावचे हात पुरेनात. म्हणून पैनगंगेच्या पलीकडून, आदिलाबादच्या बाजूनं मजूर आणले. त्यांना मराठी यायची ती बोट दाखवून. रवी तेव्हा अंगावर पीत होता, म्हणून बिजलीबाई घरी रांधायची आणि जाऊ बांबूचं डालकं डोक्यावर घेऊन वावरात न्यायची. सासू वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभी राहून ओरडायची, "पंचफुला, आन वं लवकर! पंचफुला, आन!" पाठोपाठ डालकं यायचं, त्यातून भाकरी निघायची आणि भाकरीवर हा हिरवा गोळा. मजुरांनी हिशेब केला: म्हातारी पंचफुला मागते, पंचफुला येते, पंचफुला झकास लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका दाढीवाल्यानं भाकरी पुढं केली आणि म्हणाला, "पंचफुला, पंचफुला!" सासू हसून हसून धुऱ्यावर बसली. हंगाम संपला, मजूर गेले, शब्द राहिला.

रांधणारी चुलीपुढं आणि नाव वाढणारीचं. बिजलीबाईच्या काळजात हे कुसळ तेव्हा रुतलं ते रुतलंच.

आमच्या भागात नाव लागायला काही पुण्याई लागते असंही नाही. फुलसिंगची बैलगाडी एकदा नाल्यात उलटली, तर तो उतार फुलसिंगचा उतार झाला, आणि फुलसिंग मरून गेला तरी एसटीतले प्रवासी त्याच नावानं घंटी मारायला सांगतात. भुरी नावाची गाय जिथं चरायची ते भुरीचं वावर. गाईच्या नावानं दीड एकर जमीन, आणि उभा जन्म चुलीपुढं घालवलेल्या बाईच्या नावानं चिमूटभर चटणी नाही! हे बिजलीबाई नवऱ्याला ऐकवायची, तो होता तोवर. तो म्हणायचा, "तूबी उलट ना एखादी गाडी."

त्यात आणखी एक मेख होती. धाकटीनं थोरल्या जावेचं नाव घ्यायचं नसतं. सासूनं धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, उपास सोडले, अंगात येणं सोडलं. पण नाव न घेण्याची रीत काही देव्हाऱ्यात ठेवलेली नव्हती, त्यामुळे ती सोडायची कुणाला सुचलीच नाही. म्हणून बिजलीबाई जावेला 'बाई' म्हणायची आणि स्वतःच्या हातच्या पदार्थाला 'ते हिरवं'. लोक म्हणत, काय रीत पाळते ही! रीत कसली. तो शब्द जिभेवर आला तर जीभ भाजेल असं तिला वाटे.

वंदना झाली, चहा झाला आणि सगळे शेडमध्ये ताडपत्रीवर बसले. बाबाराव प्लास्टिकच्या खुर्चीत. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, उघड्या डोक्यानं बसायचं नाही म्हणून बिजलीबाई पदर ओढून खांबाच्या आडोशाला. पंचफुला मधोमध, मांडीवर सूप घेऊन, तुरीच्या शेंगा सोलत. ही बाई जिथं बसेल तिथं मध्यच कसा होतो, हे बिजलीबाईला कधी उमगलं नव्हतं.

"तं आता मुद्द्यावर येऊ," रवी म्हणाला. "उद्या मले छापखान्यात जा लागते. पाकिटावर नाव काय टाकाचं?"

बिजलीबाईनं मान खाली घातली. उखाण्यात नाव घेतलं जाणार म्हणून नवरीला वाटतं तसं तिला वाटत होतं, या वयात.

"मी म्हनत होतो का," रवीनं घसा खाकरला, "घरी हे रांधाची तं मायच. मोठीमाय वावरात न्याची. तं मायच्या नावानं... बिजली म्हनून..." आणि त्यानं बायकोकडं पाहिलं.

"मी एक बोलू का?" दीपमाला म्हणाली.

तो सूर ऐकून बिजलीबाईनं मान वर केली. दीपमाला तिची माणूस. आंब्याच्या वाटणीत सगळं घर एकीकडं झालं तेव्हा ही एकटी सून सासूच्या बाजूनं भांडली होती. कालच तिनं सासूच्या डोक्याला तेल लावून दिलं होतं, आणि तेल लावताना चकार शब्द काढला नव्हता.

"आई, राग नोका मानू," दीपमाला म्हणाली. "पन लोक पंचफुला मांगते. गटातल्या बाया बी तेच म्हनून राह्यल्या. दुसरं नाव टाकलं तं लोकायले वाटन, हे दुसरंच काही हाये. नवीन नाव गावाले शिकवाले दहा वर्स जातीन."

"मले कोनाचा राग नाही बाप्पा," बिजलीबाई म्हणाली. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या आणि ते आवाजात ऐकू येत होतं.

तेवढ्यात संघर्ष बोलला. पंचफुलाचा थोरला, कोळशाच्या ट्रकवर असतो, घरच्या भानगडीत सहसा पडत नाही. "मले इचारसान," तो ताडपत्रीकडं बघत म्हणाला, "तं काकीचंच नाव टाका. पंचफुला नोको."

बिजलीबाईनं पदर थोडा मागं सारला. आपली सून उठून तिकडं बसली आणि तिकडचा लेक उठून इकडं आला, हे काय आक्रीत? पंचफुलानं लेकाकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

"काहून रे? तुह्याच मायचं नाव हाये," रवी म्हणाला.

"म्हनून तं."

संघर्षनं पुन्हा नजर ताडपत्रीकडं वळवली. मग त्याची पोरगी वैष्णवी पुढं सरकली. यवतमाळच्या कॉलेजात जाते, बोलताना हातानं हवेत खाणाखुणा करते. "एक सोपी गोष्ट सांगू? कुणाच्याच नावाची भानगड नको. पंचफुला हेच ठेवा, पण पाकिटाच्या मागं अर्थ लिहू. तूर, अंबाडी, मिरची, लसूण, जवस. पाच जिन्नस, पाच फुलं, म्हणून पंचफुला! आमच्या होस्टेलवरच्या पोरींना तर असंच वाटतं. मी डबा नेला होता ना, तर नयन म्हणाली, किती सुंदर नाव आहे, पाच गोष्टी असतील ना यात?"

"अन् मीठ?" बिजलीबाई खांबाआडून म्हणाली.

"काय, लहानी आजी?"

"मीठ नाही टाकत का त्याच्यात? सहा होते."

सगळे हसले. दीपमालासुद्धा हसली. बाबाराव मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "पोरगी बेस बोलली. पाच जिनसायचं नाव. कोन्या बाईचं नाव नाही. तेच लिवा, अन् उठा आता."

ते जरा घाईनंच बोलले, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. बिजलीबाईचे डोळे जावेवर होते. आता ही काय म्हणते? आपलं नाव असं पुसलं जाताना कोणती बाई गप्प बसेल?

पंचफुला म्हणाली, "लिवा. चांगलं हाये." आणि सुपातला कचरा फुंकला.

बस, एवढंच. तो कचरा जणू बिजलीबाईच्या डोळ्यात गेला. जे नाव मिळावं म्हणून आपण चाळीस वर्षं झुरलो, ते हिनं फुंकून टाकलं! आणि त्याहून भयंकर गोष्ट तिच्या त्याच क्षणी लक्षात आली. ते नाव पाच जिनसांचं म्हणून छापलं, तर ते जावेचं कधी नव्हतंच असं होईल. आणि ते जावेचं नव्हतंच, तर मग आपलं चोरीला तरी काय गेलं? इतकी वर्षं जपलेलं, रोज उकरून पाहिलेलं दुखणं, ते पाकिटाच्या मागच्या बाजूला चार ओळींत संपणार होतं.

"वैष्णवी, सांग वं तुह्या आज्याले," ती उठून उभी राहिली, "का असं खोटं नाही छापत म्हना."

"त्यात खोटं काय, आजी?"

"सगळंच खोटं!" रीतीप्रमाणं नातीच्या आडून बोलायचं ती विसरलीच. सरळ खुर्चीकडं तोंड करून बोलू लागली. "कायचे पाच अन् कायचे फुलं! ह्या डालकं घेऊन जात, अन् सासू मागून बोंबले, पंचफुला आन, पंचफुला आन! त्या अडान्यायले वाटलं, चटनीचं नाव हाये. मी घरी रवीले पाठीवर घेऊन पाटा रगडो, अन् तिकडं नाव कोनाचं होये? पंचफुलेचं! ह्या बसल्या ना सूप घेऊन, ह्या पंचफुला! पाच फुलं नाही, जितीजागती बाई हाये!"

पदर खांद्यावर घसरला होता. भासरा समोर, जावेचं नाव उघड्या तोंडानं, तेही तीन-चारदा. बाहेर जवस भाजणाऱ्या बचत गटाच्या बायांनी शेडमध्ये डोकावून पाहिलं.

पंचफुलानं सूप खाली ठेवलं. "घेतलं शेवटी," ती म्हणाली.

"काय घेतलं?"

"नाव घेतलं माह्यं. बरं केलं. तोंड तं मोकळं झालं तुह्यं." आवाजात राग नव्हता. "बस खाली. तुले वाटते ना, मी लय मिरवली ह्या नावानं? आता आयक."

"पंचफुला," बाबाराव म्हणाले. पोरांसमोर ते कधी बायकोला नावानं हाक मारत नसत.

"तुमी गप राहा. तुमची बारी झाली," पंचफुला म्हणाली, आणि घर हाकणारे बाबाराव खरंच गप राहिले. "बिजले, तुले काय मालूम, राळेगावच्या बाजारात पोट्टे काय म्हनत ते? मी भाजीचं टोपलं घेऊन बसो, अन् ते समोरून जात. 'काय बे, आज पंचफुला तोंडी लावाची का?' एक म्हने, 'मी तं काल रात्रीच चाटून पुसून खाल्ली.' अन् मंग दात काढत. कोनाचे पोट्टे? ज्यायच्या घरी आपल्या हातचं पानी चालत नव्हतं, त्यायचे. हातचं पानी नोको, पन नाव तोंडात चाले."

वैष्णवीचा हवेत उचललेला हात खाली आला.

"कोन्या पोट्ट्याचं नाव असं तव्यावर पडलं असतं तं समजलं असतं त्याले," पंचफुला म्हणाली. "बाईचं नाव खान्याले लागलं का मंग लोकायले चव येते. यायच्या कानावर गेलं." तिनं हनुवटीनं खुर्चीकडं दाखवलं. "पोट्ट्यायले काही म्हनायची हिंमत झाली नाही. एकटा मानूस, गाव त्यायचं. मंग काय, मले घरी बसवलं. दोन हंगाम वावरात पाय ठेवू देल्ला नाही. मले नाव आलं अन् वावर गेलं."

बिजलीबाईला ते दोन हंगाम आठवले. चांगलेच आठवले. जाऊ घरी राहिली म्हणून डालकं तिच्या डोक्यावर आलं होतं, कडेवर रवी, पायाखाली ढेकळं. आणि ती वाटेनं पुटपुटत जायची, 'नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा म्हणतात, हिला तर नावही सोन्याचं अन् वर घरी बसून सावली!' त्या सावलीचाही तिनं हेवा केला होता. जाऊ आतल्या खोलीत दार लोटून पडायची, त्या दाराचाही.

"शाळेत मले पंचफुलेचा म्हनत," संघर्ष एकदम बोलला. चाळिशी उलटलेला, ट्रकवाल्यांशी हुज्जत घालणारा माणूस, पण त्याचा आवाज त्या वेळी बारीक झाला होता. "'पंचफुलेचा आला, भाकर आना बे.' म्हनून म्हटलं, काकीचं टाका."

बाबाराव जमिनीकडं पाहत होते. "मी त्या दिवसापासून ते खाल्लं नाही," ते म्हणाले.

बिजलीबाईनं हेही आजवर वेगळंच धरलं होतं. भासरे आपल्या हातचं ते हिरवं बाजूला सारतात ते आपल्या हातात चव नाही म्हणून, अशी तिची समजूत होती, आणि त्या समजुतीवर ती कित्येक वर्षं रडली होती.

"तुमी खाल्लं नाही," पंचफुला नवऱ्याला म्हणाली. "मी रोज गियलं. म्हनून पोरगी पाच जिनसा म्हनते तं म्हनू द्या. मले बरं वाटलं. म्हटलं, सुटली बापा एकदाची."

आता इथं दुसरी एखादी बाई असती तर विरघळून जावेच्या गळ्यात पडली असती. बिजलीबाईचेही डोळे भरले, नाही असं नाही. जावेच्या तोंडाकडं तिनं पहिल्यांदाच नीट पाहिलं असं वाटलं तिला. पण हेवा हा काही पाहुणा नसतो, घरात दुःख आलं म्हणून उठून जायला. तो आपला बसून राहिला, आणि त्याच्याच आवाजात ती बोलली.

"मंग तं झालं," ती म्हणाली. "बाईले नोको हाये. मले पायजे. माह्यं टाका."

"माय!" रवी ओरडला. "आता हे आयकलं ना तू?"

"आयकलं."

"तुह्या नावानं बी लोक असंच बोलले तं?"

"बोलू दे. म्हाताऱ्या बाईले कोन काय बोलते? अन् बोललेच तं बोलू दे." ती खाली बसली, पदर डोक्यावर घेतला, पण शब्द परत घेतला नाही. संघर्षनं काकीकडं असं पाहिलं, जणू बाजू बदलून तो पस्तावला होता.

दीपमालाच शेवटी पुढं झाली. घरचं भांडण कितीही पेटलं तरी उद्या सोमवार आहे हे तिच्या डोक्यातून जात नसे. "असं करू," ती म्हणाली. "मालाचं नाव पंचफुला राहू द्या, मागून पाच जिनसा लिवू. म्हंजे मोठ्या आईचं नाव बी सुटलं. अन् कंपनीचं नाव बिजली. वरतं मोठ्या अक्षरात. बिजली छाप पंचफुला."

"बिजली छाप पंचफुला," रवीनं म्हणून पाहिलं. त्याला ते आवडलं. संघर्षच्याही ओठाचा कोपरा हलला. बाबाराव पुटपुटले, "चालते," आणि उठून बाहेर गेले.

बिजलीबाईनं मनात ते शब्द मांडून पाहिले. बिजली पुढं, पंचफुला मागं. वर, मोठ्या अक्षरात. पहिल्यांदा तिचं नाव पुढं होतं. छातीत काहीतरी ऊन ऊन झालं.

"भारी आहे!" वैष्णवी म्हणाली. मघाचं ओझं उतरल्यासारखी ती मोबाईल काढून बसली. "बिजली म्हणजे झटका! तिखट आहे ना, जिभेला करंट बसतो एकदम. वर पिवळी वीज काढू, अशी वाकडी, कडकडणारी. थांबा, दाखवते."

सगळी डोकी मोबाईलवर वाकली. "लाल पाकिटावर पिवळी बिजली," दीपमाला म्हणाली, "दुरून दिसन." "खाल्लं का झटका," रवी म्हणाला, "हेच लिवू ना खाली." आणि आपल्याच कल्पनेवर तो खूश झाला.

"माह्यं नाव हाये ते," बिजलीबाई म्हणाली.

"हो ना आई, तुमचंच," दीपमालानं मोबाईलवरून डोळे न काढता म्हटलं. "आपल्याले मालूम हाये ना. लोकायले वाटन, तिखट हाये म्हनून बिजली. तेबी चांगलंच."

वणीजवळच्या ज्या गावात बिजलीबाई जन्मली, तिथं तिच्या जन्माच्या दिवशीच पहिला विजेचा खांब उभा राहिला होता. बापानं खांब पाहिला, पोर पाहिली आणि नाव ठेवून टाकलं. म्हणजे नाव खांबाचंच होतं म्हणायचं, आणि आता ते वाजतगाजत परत खांबाला जात होतं. मधे साठ-बासष्ट वर्षं एका बाईनं ते वापरलं, इतकंच. कुणीतरी मोबाईल तिच्यापुढं धरला. तिनं मान हलवली. चित्रातली वीज खरंच छान होती.

जेवायची वेळ झाली म्हणून ती चुलीपाशी गेली. तुरीचे दाणे भाजून ठेवले होते, मिरच्या तडतडून गार झाल्या होत्या. तिनं पाटा धुतला आणि रगडायला बसली. हात चालत होते. मागून पावलं आली, ती कुणाची हे वळून न पाहताही तिला कळलं.

पंचफुला शेजारी टेकली. लसणाच्या पाकळ्या सोलून एकेक पाट्यावर टाकू लागली. लग्न होऊन आल्यापासून या दोघी अशा एका पाट्यापाशी फार वेळा बसल्या नव्हत्या. कामाची वाटणीच तशी होती.

"भेटलं ना वं तुले?" थोड्या वेळानं पंचफुला म्हणाली.

"भेटलं."

"मंग तोंड कायले असं?"

बिजलीबाईनं वरवंटा थांबवला. बोलू नये असं तिला वाटत होतं. मघाशी जे ऐकलं त्यानंतर तर मुळीच बोलू नये. पण ती बोलली.

"बाई, ते पोट्टे हरामखोर होते. त्यायच्या तोंडात किडे पडो. पन ते नाव घेत, अन् तुमच्याकडं पाहत. त्यायले मालूम होतं, ह्या नावाची एक बाई हाये, अन् ते इथं बसली हाये. माह्यं नाव वाचून कोन पाहीन माह्याकडं? कोनी नाही पाहत."

पंचफुलाचा हात लसणावर थांबला. ती धाकट्या जावेकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी संताप आला, मग तो कुठं ठेवावा हे न कळल्यासारखं झालं.

"कोन्या मातीची हायेस वं तू?" ती हळू आवाजात म्हणाली. "मले लोकायनं भरल्या बाजारात खाल्लं. तुले तेबी पायजे?"

खोटं बोलणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर दोघी रडल्या असत्या, आणि घरात सगळ्यांना बरं वाटलं असतं.

"पायजे," बिजलीबाई म्हणाली. तिला लाज वाटली, पण तिनं मान खाली घातली नाही.